झिजेची नोंद

प्लास्टरची नक्कल. नाण्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची, म्हणजे ते चिकटत नाही. मग मऊ प्लॅस्टिसिनच्या वडीत ते सरळ दाबायचे आणि सरळच उचलायचे. हात जरा कलला की कडेची अक्षरे पसरतात. राहिलेल्या खळग्यात पातळ कालवलेले प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचे, टेबलाला दोन टिचक्या मारून बुडबुडे वर आणायचे, आणि थांबायचे. सुकल्यावर कड कानशीने घासून गोल करायची. एका नाण्याच्या दोन नकला, दर्शनी बाजूची एक आणि मागची एक. पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवून वरून डावीकडून उजेड सोडला की फोटोची तयारी झाली. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या नाणेसूचींमधल्या प्लेटांवर दिसतात त्या अशा पांढऱ्या नकला. चांदी चकाकते, तांबे काळवंडते. प्लास्टर दोन्हीपैकी काहीच करत नाही, त्यात फक्त उठाव उरतो. शिवाय नाणे कपाटाबाहेर पडत नाही. लाहोरचे, कलकत्त्याचे आणि लंडनचे नाणे एका पानावर शेजारी बसवायचे तर ते असे टपालातून, प्लास्टरच्या रूपात यायचे.

टांकसाळीतल्या एकाच छाप्यातून पाडलेली नाणी ओळखायची असली, की रंग आणि डाग आडवे येतात. त्या कामाला पांढरी नक्कल कॅमेऱ्यापेक्षा प्रामाणिक होती. बाकी कामांना कॅमेरा बरा, आणि पुष्कळच स्वस्त.

पेन्सिलीची घासणी. नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसे तिरपे घासायचे. शाळेतली पोरे करतात तेच. विद्वानही करत, आणि तो कागद पत्रात घालून दुसऱ्या विद्वानाला पाठवत : अक्षर ‘म’ आहे की ‘भ’, कळवावे. उत्तर यायला महिना. तेवढ्यात पाठवणाऱ्याचे मत बदललेले असे.

मूळ आकार. प्लेटवर नाणे जेवढ्यास तेवढेच छापायचे, हा अलिखित दंडक होता. दक्षिणेतला सोन्याचा फनम मसुरीच्या डाळीएवढा, तर पानावरही तेवढाच. वाचकाने भिंग काढावे. आता पडद्यावर फनमही ताटाएवढा होतो आणि मोहोरही ताटाएवढी. पट्टी शेजारी ठेवण्याचे भान फार थोड्यांना. अर्ध्या ग्रॅमचे नाणे आणि अकरा ग्रॅमचे नाणे सारखेच दिसू लागले, की बाजारात कोणते नाणे कशासाठी निघत असेल हा प्रश्नच डोक्यात येत नाही.

ग्रेन. वजन ग्रेनमध्ये, व्यास इंचात. १८० ग्रेनचा तोळा, तेवढाच कंपनीचा रुपया. हे गणित जुन्या अभ्यासकांच्या जिभेवर होते. त्याआधी युरोपात मिओने याने आखलेली वर्तुळांची मोजपट्टी चालायची, म्हणजे नाणे कितव्या वर्तुळात बसते तो त्याचा आकार. ती गेली, ग्रेनही गेला. वाईट वाटून घेण्यासारखे यात काही नाही.

ब्लॉक. लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा. जेम्स प्रिन्सेपला तो मिळाला नव्हता. टांकसाळीतला धातुपरीक्षक असलेला हा माणूस १८३२ पासून एशियाटिक सोसायटीच्या जर्नलसाठी नाणी स्वतः रेखाटायचा आणि प्लेटाही स्वतः कोरायचा. ब्राह्मी वाचता आली ती अशीच, अक्षर न अक्षर हाताने काढता काढता. पुढे ब्लॉक आले आणि ती मेहनत वाचली, तरी आहत, म्हणजे चिन्हांचे ठसे ठोकलेल्या, नाण्यांपाशी अडायचेच. सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, चंद्रकोरीखालचा डोंगर, बैल, ससा : अशी शेकडो चिन्हे, आणि यांतल्या एकाचाही खिळा कुठल्या छापखान्यात नाही. प्रत्येक चिन्ह काळ्या शाईने काढा, ब्लॉक करा, ओळीत बसवा. चिन्ह उलटे बसले तरी जुळाऱ्याला कळायचे कारण नाही. परमेश्वरीलाल गुप्त आणि हार्डेकर यांनी १९८५ मध्ये मगध-मौर्य मालिकेची सूची नाशिकहून काढली, चिन्हांना आणि प्रकारांना क्रमांक दिले. तेव्हापासून चित्राऐवजी आकडा लिहिला तरी भागते. फार मोठे काम. आज तोच क्रमांक लिलावाच्या यादीत किमतीशेजारी छापून येतो. त्याला सूची करणाऱ्यांचा इलाज नाही.

खाचेतली चिठ्ठी. संग्रहालयात नाण्याचे कपाट महोगनीचे. ओक चालत नाही, त्यातून आम्ल सुटते. खणात गोल खाचा, खाचेत चिठ्ठी, चिठ्ठीवर नाणे. चिठ्ठीवर बारीक अक्षरात, शाईने : कुठून आले, कधी, कोणी दिले, वजन. दोन पिढ्यांनंतर दुसऱ्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातलेले. संगणकावरच्या नोंदीत शेवटचे मत उरते; प्रश्नचिन्ह कोणाचे होते ते उरत नाही.

शुद्धिपत्र. प्लेट ३ वरील क्रमांक ७ व ८ यांची अदलाबदल समजावी. पानात चिकटवलेली बोटभर पट्टी. आता मजकूर परस्पर सुधारतात, चुकल्याचा पुरावा ठेवत नाहीत. चुकलेल्या प्लेटवर विसंबून दुसऱ्याने लेख लिहिला असेल, तर त्याने काय करावे?

सुट्या प्रती. लेख छापला की लेखकाला त्याच्या थोड्या प्रती निराळ्या मिळायच्या. त्या सही करून वाटायच्या. न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया १९१० ची, अलाहाबादेत निघालेली. तिचे जर्नल १९३९ पासूनचे. त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेचे ‘न्यूमिस्मॅटिक डायजेस्ट’. असल्या नियतकालिकांचे वाचक मोजकेच, आणि त्यांतले बरेचसे या सुट्या प्रतींवर पोसलेले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात अशी एखादी प्रत सापडते. तिच्या समासात दुसऱ्याच हस्ताक्षरातले शेरे असतात, आणि लेखापेक्षा ते शेरे कामाचे असतात.

सराफाची पारख. चांदवडी, अंकुशी, हाली : कोणत्या रुपयाला किती बट्टा बसतो हे सराफाला तोंडपाठ असायचे. पेशव्यांच्या दप्तरात रकमेबरोबर रुपयाची जात लिहिलेली असते ती उगीच नव्हे. असे कागद छापताना संपादकाला जात चुकवून चालत नाही, आणि विचारावे असा सराफ आता पेढीवर नाही.

सबंध सापडलेला ठेवा. खरी गळती इथे आहे.

१८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले. लोक कळवत, पुष्कळ लोक कळवत नसत. मडके फुटायचे आणि रातोरात मूस तापायची. कळवलेले धन अभ्यासकाकडे तपासणीला जायचे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे असा ठेवा निघाला. सुमारे १३,२५० चांदीची नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरे. मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली खूण मारलेली होती, तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह, थेट नहपानाच्या चेहऱ्यावर. नाशिकच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात मुलाने नहपानाचा खखरात वंश निर्मूल केल्याचे लिहिले आहे. आईच्या शब्दाला हा धातूचा दाखला मिळाला.

ते झालेच. पण मला त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. साधारण चार हजार नाण्यांवर खूण नाही. म्हणजे पराभूताचा पैसा गोळा करून, त्यावर आपले चिन्ह मारून परत सोडायचे काम चालू असताना बिनखुणेची नाणीही त्यांच्या जोडीने चालत होती, निदान एकाच गाठोड्यात होती. हे प्रमाण कळले ते स्कॉटनी सगळी मोजली म्हणून. त्यांनी उत्तम अशी वीस निवडून झकास प्लेट काढली असती, तर आपल्याला सुंदर नहपान मिळाला असता आणि प्रमाण गेले असते.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी या गोष्टीचे शास्त्र केले. गणिती माणूस, त्या वेळी पुण्यात. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. ढिगाचे सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. झीज कशी चालते हे ताडून पाहायला त्यांनी चलनातली ताजी नाणीसुद्धा तराजूत घातली. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात, तपासणाऱ्यांनी वेळोवेळी मारलेल्या. खुणा जास्त तितके वजन कमी, असे तक्षशिलेच्या ठेव्यांत त्यांना दिसले, आणि राजाचे नाव नसलेल्या नाण्यांचा क्रम लावायची वाट सापडली. त्यासाठी एकेक करून हजारो नाणी तोलावी लागली. हे लेखन १९४० च्या दशकात सुरू झाले, १९६६ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’पर्यंत पोहोचले. ही पद्धत एकच मागते : ठेवा फुटता कामा नये. दुर्मिळ नाणे काढून घ्या, रद्दी विका, असे केले की राहिलेल्या सरासरीला काही अर्थ उरत नाही. आणि सरकारी वाटपात नेमके तेच व्हायचे. संग्रहालयांनी आपापले नमुने उचलायचे, उरलेली विकायला निघायची. वजनाची सबंध यादी छापायला मात्र जागा नसायची. संपादक म्हणायचे, आकड्यांची सहा पाने कोण वाचणार?

आता जागेचा प्रश्न संपला आहे. सहाच काय, सहाशे पाने आकडे ठेवता येतात. तोलायला ठेवे येत नाहीत.

शिवराई. तांब्याची, शिवाजी महाराजांच्या वेळेपासून एकोणिसाव्या शतकात शिरेपर्यंत पाडली गेली. राजा बदलला, टांकसाळी बदलल्या, ‘श्री राजा शिव – छत्रपति’ तेच राहिले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे मधे एक रेघ, कुठे दोन. दोन रेघांची ती दुदांडी. १९८९ मध्ये माहेश्वरी आणि विगिन्स यांचे मराठ्यांच्या टांकसाळींवरचे पुस्तक अंजनेरीहून आले. त्यानंतर निदान नाव घ्यायला जागा झाली. तरी कोणती शिवराई कोणत्या काळाची, कोणत्या मुलखातली, हे ठरवायचे तर कुठल्या गावी कशाबरोबर सापडली याची नोंद हवी, आणि ढीगच्या ढीग तोलायला हवा. सोन्याच्या होनाचे हे दुखणे नाही. त्याच्या मागे लोक लागलेले असतात, बनावट होन करणारेसुद्धा. तांब्याच्या शिवराया किलोवर जातात. घेणारा त्या परातीत ओततो, चिंचेच्या पाण्यात घासतो, अक्षरे भरलेली पाचदहा वेगळी काढतो. घासताना वजन उतरते ते निराळेच. निवडलेल्यांचे फोटो निघतात, लेखात येतात, चांगले छापले जातात. बाकीच्या मोडीत जातात, गावाचे नाव कोणी विचारलेले नसते.