कापडाचे पोट

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या भागात वाकळ म्हणतात. माझी आई वाकळा शिवते. हौस म्हणून नव्हे, पैशासाठी. माझी पहिल्या वर्षाची फी वाकळांतून भरली गेली आहे, तेव्हा हा लेख 'माझा आवडता छंद' या जातीचा नाही, हे आधीच सांगून टाकते.

पूर्वी वाकळेसाठी कापड विकत आणण्याची पाळी कोणावर येत नसे. घरात जुनी सुती लुगडी असत. एका नऊवारीत आठ मीटरांहून थोडे अधिकच कापड. वर्षानुवर्षे नेसून, धुऊन ते इतके मऊ झालेले असे की सुई आपण होऊन आत शिरे. आता गिऱ्हाईक पोतेभर साड्या आणून देते आणि आई त्यांतून जेमतेम दोन सुती निवडते. बाकीच्या सगळ्या सिंथेटिक. त्या फाटत नाहीत, विटत नाहीत, आणि आत घातल्या की एकमेकींवरून घसरतात. टाका बसतो, पण थर बसत नाहीत. घाम टिपण्याचे तर नावच नको. मग उरलेल्या कापडासाठी आम्ही कटपीसवाल्यांकडे, किलोवर तुकडे विकणाऱ्यांकडे आणि मंगल कार्यालयात 'फक्त चार दिवस' म्हणून भरणाऱ्या सेलमध्ये हिंडतो.

आम्ही इचलकरंजीत राहतो असे सांगितले की वर्गातल्या मैत्रिणी हसतात. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी ज्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, त्या गावात कापड शोधत फिरायचे? पण आमच्या मागांवरून उतरते ते बहुतेक कोरे कापड. ते प्रोसेसला जाते, छापले जाते, घडी होऊन कुठल्या कुठे जाते आणि त्यातले काही सेलच्या ढिगात पुन्हा आमच्यासमोर येते. तोवर त्याचा चेहरा इतका बदललेला असतो की विणणारा स्वतःसुद्धा ओळखणार नाही.

आई म्हणते, "कापडाचं तोंड बघू नगं, पोट बघ." तोंड म्हणजे छपाई आणि कडकपणा. स्वस्त कापडाला खळ भरपूर असते. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ द्यावीच लागते, नाही तर मागावर धागे तुटतात. त्यात लबाडी काहीच नाही. ती पुढे धुऊन निघते. पण विरळ कापड भरल्यासारखे लागावे म्हणून शेवटी पुन्हा खळ चढवतात, तिथे गिऱ्हाईक फसते. यावर उपाय सोपा आहे. कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून, धुणे चोळतो तसा, जोराने चोळायचा. पांढरी भुकटी पडली आणि कोपरा एकदम लुळा झाला, तर समजावे की आपण कापडाच्या भावाने कांजी घेत आहोत. मग तो चोळलेला भाग उजेडाकडे धरायचा. पलीकडचा दिवा जाळीतून दिसावा तसा दिसला की घडी परत ठेवावी.

वडील मागावर आहेत. त्यांची परीक्षा निराळी. त्यांच्याकडे पितळेचे एक घडीचे भिंग आहे, पीकग्लास. ते कापडावर उभे केले की एक इंच चौकोन दिसतो. त्यातले उभे धागे मोजायचे, मग आडवे. साठ नंबरी सुताच्या चांगल्या केंब्रिकमध्ये ९२ उभे आणि ८८ आडवे भरतात. स्वस्तात काढायचे तर उभ्यापेक्षा आडवे धागे कमी करणे सोयीचे, कारण माग मिनिटाला ठराविकच आडवे धागे टाकतो. इंचात ते कमी बसवले की सूत वाचते आणि त्याच पाळीत मीटर जास्त निघतात. म्हणून वडील नेहमी बाणा मोजतात. मी ते भिंग पर्समध्ये घेऊन कॉलेजला आले तेव्हा एका मैत्रिणीला वाटले, मी रत्नपारखी होणार आहे!

मात्र जास्त धागे म्हणजे वाकळेला चांगले, असे मुळीच नाही. दाट पॉपलिन शर्टाला उत्तम, पण त्याचे चार पदर एकावर एक आले की हातसुई अडते, अंगठ्याला भोके पडतात आणि वाकळ पुठ्ठ्यासारखी होते. आम्हांला हवे असते ते न विरळ न दाट, हातात पडणारे सुती कापड. दुकानदाराला हे पटत नाही. तो महागातले पुढे सरकवतो.

हे सारे आईच्या बोटांत होते. लग्नानंतर बारा वर्षे तिने कांड्या भरल्या, मग वाकळा. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे. टाके ती अजूनही सरळ घालते, ते डोळ्यांवर चालते. पण बोटांना कापड कळत नाही. घरात ती आता कापड गालाला लावून पाहते. दुकानात तसे करायला तिला लाज वाटते. म्हणून खरेदी माझ्याकडे आली.

दिवाळीनंतर एका बाईंनी मुलीच्या बाळंतविड्यासाठी २ वाकळा आणि ४ दुपटी सांगितली आणि १५०० रुपये आगाऊ दिले. आई म्हणाली, "बाळ दुपट्याचा कोपरा तोंडात घालतंय. रंग सुटला तर माझ्या हातची ती शेवटची वाकळ." त्या पैशांतून कापड आणायचे, आणि उरतील ते माझ्या परीक्षा फॉर्मसाठी.

सेलमध्ये १०० टक्के कॉटन अशी चिठ्ठी लावलेला ढीग ३० रुपये मीटर होता. लाल जमिनीवर हत्ती. मी ओला रुमाल घासला, रुमाल गुलाबी झाला. विक्रेता म्हणाला, "ताई, पहिल्या पाण्याला कुठलाही रंग थोडा जातोच." मी पिवळ्याकडे वळले. रंग पक्का, पण पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वरच राहिला. खळीमुळेही असे होते, म्हणून किनारीचे चार धागे काढून बाहेर जाऊन काडी लावली. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते; हे आकसले आणि टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर मिसळलेले. काडीच्या परीक्षेला रेयॉन मात्र सापडत नाही, तेही कागदासारखेच जळते. त्याला पाण्यात गाठायचे. सुताचा धागा भिजला की बळकट होतो, रेयॉनचा भिजला की सहज तुटतो.

चिठ्ठीवरचे आणि मण्यातले मी विक्रेत्याला दाखवले. तो चिडला नाही. "वाकळेला पायजे होय? मग आधी सांगायचं," म्हणाला आणि टेबलाखालून एक तागा काढला. बारीक निळी फुले, आणि फुलांची पाने देठापासून बोटभर सरकलेली. छपाईत साचा हललेला. भाव ४० रुपये. स्वस्त माल स्वस्त का, याचे कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. इथे ते समोरच होते. दोष छापण्यात होता, विणण्यात नव्हता. चोळून भुकटी आली नाही. भिंगाखाली बाणा ८४ भरला. रुमाल पांढराच राहिला. कडेला कात्री लावून त्याला फाडायला सांगितले, तेव्हा कापड एका धाग्यात सरळ फाटले. काडीला राख आली, आणि भिजवलेला धागा मलाच तुटेना. १८ मीटर घेतले, ७२० रुपये झाले.

घरी आईने घडी उलगडली, दार लोटले आणि कापड गालाला लावले. बराच वेळ लावून ठेवले. मग वास घेतला. पाने सरकलेली तिला दिसली असणार, पण त्याबद्दल बोलली नाही. "धुऊन किती आटतंय बघ," एवढेच म्हणाली.

दोन मीटरचा तुकडा रात्रभर भिजवला. पाणी किंचित गढूळ झाले, निळे झाले नाही. वाळल्यावर टेप लावली तर लांबीत दोन बोटे कमी. आईने उरलेले सोळा मीटरही भिजत घातले आणि मला दुपट्यांचे माप घ्यायला बसवले. मधल्या थरांसाठी जुनी सुती साडी अजून एक कमी पडते आहे. ज्यांच्या आजीच्या ट्रंकेत एखादे लुगडे नुसतेच पडून असेल, त्यांनी मला वर्गात गाठावे. पैसे रोख देऊ.