लातूरची तूर अन् आमच्या घरातली डाळ

फेब्रुवारीतली गोष्ट, लिहायची राहून गेली होती. परवा भावाचा फोन आला अन् पुन्हा डोक्यात घोळायला लागली. पोस्ट लांब होईल, सवडीनं वाचा.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. मी नोकरीमुळं नांदेडला, शेती धाकटा भाऊ बघतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्यासोबत तूर घेऊन लातूरच्या मार्केट यार्डात गेलो होतो. माल चांगला होता, वाळलेला, स्वच्छ. बोली लागली ७,२०० ला. हमीभाव ७,५५०. आदल्या पावसाळ्यात, शेतकऱ्याकडं तुरीचा दाणा नव्हता तेव्हा, हीच तूर दहा हजाराच्या वर होती.

भावानं आडत्याला विचारलं, "शेठ, एवढी कशानं पडली?"

"पाटील, बाहेरचा माल लई आलाय. मिलवाल्याला लेमन स्वस्त पडायलीय, तुमची कशाला घेईल तो चढ्या भावानं?"

लेमन म्हणजे ब्रह्मदेशातून येणारी तूर. मोझांबिकची ती गजरी. लातूरच्या यार्डात ही नावं हमालालाही पाठ आहेत, आम्हालाच नवीन होती.

त्याच आठवड्यात नांदेडच्या घरी डाळ संपली. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलो आणली, १४० रुपयांनी. मायनं वरण केलं, एक घास खाल्ला अन् म्हणली, "ही आपली न्हाई रे." दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सहज विचारलं. लेमनचीच निघाली. ७२ रुपयांनी आपली तूर घालून १४० ची परदेशी डाळ आणली होती मी. आता मधला सगळा पैसा कुणीतरी खाल्ला असं मी म्हणणार नाही. क्विंटलभर तुरीतून डाळ सत्तर-पंचाहत्तर किलोच निघते, मिलचा खर्च असतो, भाडं असतं. पण ज्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यातल्या बाईच्या ताटात ब्रह्मदेशाचं वरण. मायला हसू आलं. मला नाही आलं.

हसण्याचं कारण तिनंच सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात ती दहा-अकरा वर्षांची होती. आईसोबत खडी फोडायच्या कामावर जायची. तिथं सुकडी मिळायची, अन् रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. "भाकर थापली की फुटायची, घशाखाली उतरायची न्हाई. पर खाल्ली. तवा रानात काहीच नव्हतं. आता रान भरलंय की, मग बाहीरचं कशाला?"

याचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही. थोडं वाचलं, ते सांगतो.

२०२३-२४ मध्ये देशानं ४७ लाख टनांच्या आसपास कडधान्यं बाहेरून आणली. पुढच्या वर्षी हा आकडा ७० लाख टनांच्या आसपास गेला. नुसती तूर १२ लाख टनांच्या घरात. कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ दोन वर्षं बिनशुल्क येत होता. तो दळून बेसनात जातो अन् हरभऱ्याचा भाव खाली बसवतो.

तेलाचं तर विचारूच नका. आपल्या कढईतलं शंभरातलं ५५ ते ६० लिटर तेल परदेशी. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनचं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात जेमतेम तीन-चार आठवडे थांबवली, तर इकडं भजीवाला हवालदिल. अन् हे आपल्याकडं, जिथं लातूर-नांदेडात खरिपात नजर जाईल तिथं सोयाबीन आहे! पण सोयाबीनच्या क्विंटलात तेल अठरा किलोच्या आसपास. बाकीची पेंड, ती कोंबड्यांना जाते नाहीतर परदेशात. आमच्या आजोबांच्या काळात ज्वारीच्या रानात करडईचे तास असायचे, बांधाला जवस, तीळ. घरचं तेल घाण्यावरून यायचं. १९९३-९४ च्या सुमारास देशाची तेलाची गरज जवळजवळ देशातच भागत होती, हे आजच्या पोरांना खोटं वाटेल. मग पामतेलाला दार उघडलं, शुल्क उतरत गेलं, करडई गेली. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ दिला, शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ अन् एक लिटर पामतेल. गरिबाला मिळालं, चांगलंच झालं. पण ते तेल आपल्या रानातलं नव्हतं.

आता मी स्वतः काय केलं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गुरुजी दुसऱ्यालाच शिकवतात. २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलो झाली तेव्हा इथंच फेसबुकवर मी सरकारला शिव्या घातल्या होत्या. पगार कमी, लेकरं लहान. आयात करा म्हणणाऱ्यांत मीपण होतो. सरकारनं ऐकलं. मोझांबिकशी करार केला, तुम्ही पिकवा, आम्ही घेतो. इकडं भाव बघून शेतकऱ्यानंही तूर पेरली. २०१६-१७ ला विक्रमी पीक आलं, भाव हमीच्या खाली गेला, बाजार समित्यांत पोती आठवडेच्या आठवडे पडून राहिली. आमचीपण होती, भाऊ दोन रात्री पोत्यावर झोपला. मग सरकारनं करारापुरती सोडून बाकी आयातीवर मर्यादा घातली, तर तिकडं मोझांबिकमधल्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. त्यानं आपल्या भरवशावर पेरलं होतं. त्याचंही घर आपल्यासारखंच असेल. २०२१ ला पुन्हा दार उघडलं, अन् तेव्हापासून मुदत नुसती वाढत गेली. २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत होती.

त्याच २०२१ मध्ये सोयाबीन लातुरात दहा हजाराच्या वर गेलं होतं. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली, ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी मिळाली. आमचं सोयाबीन घरात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास.

म्हणजे भाव वाढला की गिऱ्हाईक आठवतो, पडला की शेतकरी कुणाला आठवत नाही. आयातच नको असं माझं म्हणणं नाही. पाऊस दगा देतो, लोकांनी खायचं काय? पण बाहेरची तूर बंदरात हमीभावापेक्षा स्वस्त उतरणार नाही एवढं शुल्क लावायला काय हरकत आहे? अन् रेशनवर गहू-तांदूळ फुकट देता, तिथं महिन्याला किलोभर डाळ का नाही, लातूरच्या मिलमधून घेतलेली? प्रथिनं पोटात डाळीनं जातात, भातानं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी ११,४४० कोटींचं मिशन जाहीर केलंय. तूर, उडीद, मसूर चार वर्षं हमीभावानं घेऊ म्हणतात. वाचून बरं वाटलं. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणला, "दादा, काटा कधी लागणार ते सांग."

२०२५ च्या अतिवृष्टीनं त्याचं सोयाबीन गेलं. उरलंसुरलं साडेचार हजाराच्या आत विकलं, हमीभाव ५,३२८ असताना. खालच्या रानातली तूर उबळून गेली, माळावरची तेवढी उभी आहे. शेंगा भरायल्यात. परवा त्यानं त्यासाठीच फोन केला होता. जानेवारीत निघाली की लगेच घालायची, का मार्चनंतर शुल्क लागतंय का बघत घरात ठेवायची? ठेवायची तर सोसायटीचं कर्ज कशानं भरायचं?

मला सांगता आलं नाही. मायनं फोन घेतला अन् म्हणली, आधी घरच्यापुरती दोन पायल्या बाजूला काढ, मग काय करायचं ते कर.