तांडेलाचा शब्द

मी या धर्मग्रामात बदलून आलो, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मला एका १९ वर्षांच्या मुलाचा अंत्यविधी करावा लागला. मित्रांबरोबर तो डोंगरातल्या धबधब्यावर गेला होता. पोहण्यात तो तरबेज होता. घरामागच्या बावखलात लहानपणीच हातपाय मारायला शिकला होता. धबधब्याखालच्या डोहाने मात्र त्याला परत दिले नाही. दफनभूमीत त्याच्या आईने माझा हात घट्ट धरला आणि विचारले, "फादर, त्याला पोहता येत होतं ना? मग कसं?" धर्मगुरूजवळ सांत्वनाचे शब्द असतात. या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

त्यानंतर चार वर्षे दर जून महिन्यात मी वेदीवरून एकच गोष्ट सांगत आलो : मुलांनो, पाण्याकडे जाऊ नका.

गेल्या वर्षी आमच्या युवक मंडळाने दिवाळीच्या सुट्टीत गंगेवर जाण्याचा बेत आखला. देवप्रयाग ते ऋषिकेश, सुमारे ७० किलोमीटर, रबरी तराफ्यातून, तीन दिवस आणि दोन मुक्काम. बातमी घरोघरी पोहोचली आणि त्याच संध्याकाळी सात-आठ पालक माझ्या दारात उभे राहिले. "फादर, तुम्ही नाही म्हणालात की विषय संपला." मी नाही म्हणणारच होतो. एवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "फादर, जाऊ नका हे तुम्ही सांगता. कसं जायचं, ते कोण सांगणार?"

आयुष्यभर प्रश्नोत्तरे शिकवलेला मी, निरुत्तर झालो. थोड्या वेळाने म्हणालो, "मीही येतो." वय ५४, गुडघे कुरकुरणारे, आणि पोहणे म्हणाल तर आजोळच्या विहिरीतले.

देवप्रयागला दोन नद्या एकमेकींना भेटतात. भागीरथी गर्जत येते, अलकनंदा शांत येते. तिथले लोक कौतुकाने पहिलीला सासू आणि दुसरीला सून म्हणतात. त्या संगमापासून पुढच्या प्रवाहाचे नाव गंगा. पायऱ्यांवर भाविक साखळ्या धरून स्नान करीत होते. त्या साखळ्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. श्रद्धेनेच आलेली माणसे, पण पाण्याच्या जोराविषयी त्यांच्या मनात भाबडेपणा नव्हता.

आमचा वाटाड्या जेमतेम २५ वर्षांचा गढवाली तरुण. आपल्याकडच्या कोळी बांधवांच्या भाषेत आमचा तांडेल. नाव पाण्यात लोटण्यापूर्वी त्याने आम्हांला तासभर वाळूवर बसवले. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे त्याने स्वतः ओढून पाहिले. माझा पट्टा तर दोनदा आवळला. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा, पायांची बोटे पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नका, कारण पाऊल दगडांच्या फटीत अडकले तर वरून येणारे पाणी माणसाला वाकवून खाली दाबते. दोर फेकला तर छातीशी धरा, हाताला गुंडाळू नका. एवढे सांगून झाल्यावर मी माझ्या सवयीने मुलांना दोन शब्द सांगायला उठलो. तो हसून म्हणाला, "फादरजी, नाव में एक ही आवाज़ चलेगी."

मुले खूष झाली. मी वल्हे उचलले आणि गुमान बसलो.

पहिल्या दिवशी आम्ही त्याचा शब्द ऐकत होतो, पण आमची शरीरे ऐकत नव्हती. 'पुढे' म्हटले की अर्धे पुढे आणि अर्धे मागे वल्हवीत. फेसाळत्या उतारावर नाव शिरली की प्रत्येकाला वल्ह्याऐवजी काठ आठवे. मुक्कामाला पोहोचेपर्यंत खांदे भरून आले होते. व्यासघाटला नयार नदी गंगेला मिळते. महसीर माशासाठी हा संगम प्रसिद्ध आहे. काठावरच्या उंच शेतात आमचे तंबू होते. पूर्वी खाली थेट वाळूवर तंबूंच्या रांगा लागत. ऋषिकेशकडच्या पट्ट्यात कचरा आणि मैला नदीत जाऊ लागला, तेव्हा २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या वाळूवरील मुक्कामांना पायबंद घातला. चांगले झाले. रात्री नदीचा आवाज वरच्या शेतातही तितकाच ऐकू येतो.

आमच्यापैकी काही जण पूर्वी कोलाडला जाऊन आले होते. तिथे वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर कुंडलिकेतून नाव जाते आणि दुपारी माणूस जेवायला मोकळा होतो. त्यात मौज आहेच. परंतु नदीची ओळख व्हायला तिच्या काठी झोपावे लागते. रात्री कोरडा असलेला दगड पहाटे बुडालेला दिसला, तेव्हा आम्ही चकित झालो. वाटाड्याने सांगितले की वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की इथे पातळी चढते. एका सकाळच्या सहलीत हे कुणाच्या ध्यानात आले असते?

दुसऱ्या दिवशी तो आम्हांला पाणी वाचायला शिकवू लागला. गुळगुळीत पाण्याची जीभ खाली निमुळती होत गेली असेल तर तिथे वाट आहे. तिचे टोक आपल्याकडे वळलेले असेल तर तिथे खडक दडलेला आहे. मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी उलटे, वरच्या दिशेला वाहते. तिथे नाव थांबवून श्वास घेता येतो. दुपारपर्यंत मुले एकमेकांना या खुणा दाखवू लागली. शाळेच्या फळ्याकडे त्यांनी कधी इतक्या एकाग्रतेने पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

व्यासीजवळ गंगेचा एक कठीण उतार आहे, त्याला 'द वॉल' म्हणतात. नदी तिथे कड्यावर जाऊन आदळते आणि वळते. उतारांच्या १ ते ६ अशा श्रेणी करतात; हा चौथीतला. वाटाड्याने नाव काठाला लावली, खडकावर चढून दहा मिनिटे पाणी न्याहाळले आणि खाली येऊन म्हणाला, "आज नहीं." मुले हिरमुसली. एकाने तर, आम्ही पैसे भरले आहेत, असेही ऐकवले. त्याने वाद घातला नाही. नाव दोरांनी काठाकाठाने उतरवली आणि आम्ही दगडांवरून चालत गेलो.

त्या खडकावर बसून मी त्याला विचारले, धबधब्याखालच्या डोहात उत्तम पोहणारा मुलगा कसा बुडतो? त्याने समोरच्या उतारातला एक पांढरा खळगा दाखवला. खडकावरून कोसळणारे पाणी तळाशी जाते आणि पुन्हा मागे, कोसळत्या धारेखाली येते. त्या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला ते पुनःपुन्हा आत ओढते. शिवाय फेसात निम्मी हवा असते. त्यात अंग तरंगत नाही आणि हाताला धरायला पाणीच लागत नाही. "पोहता येणं तिथे कामाचं नाही, फादरजी. तिथे उतरायचं नाही, हे सांगणारा माणूस पाहिजे."

चार वर्षांपूर्वीचा तो हात मला पुन्हा माझ्या हातावर जाणवला.

तिसऱ्या दिवशी शिवपुरीच्या खाली उतारांची रांगच लागते. त्यांना नावेही मजेशीर : रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, क्लब हाऊस. गंगामाईला ही नावे कशी वाटत असतील कोण जाणे! त्यांपैकी एका उतारात लाट आडवी आली आणि मी नावेबाहेर फेकला गेलो. थंडीने छाती आखडली. कानांत पाणी, डोळ्यांपुढे हिरवा अंधार. घाबरलो नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण माझे मन काही ठरवण्याआधीच शरीर उताणे झाले होते, पाय पुढे गेले होते. पहिल्या दिवशी पडलो असतो तर मी निश्चितच उभे राहण्याची धडपड केली असती. मग एक आवाज ऐकू आला, "फादरजी, रस्सी!" दोर छातीवर येऊन पडला. मुलांनी मला जॅकेटच्या खांद्यांना धरून आत ओढले, पोते ओढावे तसे.

पालकांनो, तुमच्या मुलांना एकदा तरी अशा प्रवासाला पाठवा, आणि शक्य असेल तर स्वतःही जा. मात्र चौकशी करून जा. वाटाड्याजवळ परवाना आहे का, हेल्मेट सर्वांना मिळते का, बिकट उतारांवर मदतीला वेगळी छोटी कयाक असते का, हे विचारा. पावसाळ्यात नदी बंद असते. तेव्हा नेतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आणि 'आज नहीं' म्हणण्याची धमक असलेला माणूस भेटला तर त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका.

परतल्यावर मी त्या आईच्या घरी गेलो. डोहाविषयी जे कळले होते ते सारे तिला सांगितले. फेसाचे, उलट फिरणाऱ्या पाण्याचे, निम्म्या हवेचे. सांगावे की नाही, याचा मी प्रवासभर विचार केला होता. ती ओट्यावर बसून ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "म्हणजे तो दमला नव्हता. पाण्यानंच धरलं त्याला." मी मान हलवली. बराच वेळ आम्ही दोघे काहीच बोललो नाही. मग ती आत गेली आणि चहा घेऊन आली.

"धाकटा पुढच्या वर्षी येतो म्हणतोय," कप ठेवता ठेवता ती म्हणाली. "सोळा पूर्ण होतील. घेतात का?"

"चौदाच्या वर घेतात," मी म्हणालो.

तिने पदराने हात पुसले. "जॅकेटचे पट्टे तुम्ही स्वतः ओढून बघाल ना, फादर?"