तांब्याचें पान

सेवानिवृत्त झाल्यावर आम्हीं तांब्याच्या पत्र्याचीं लहान शोभेचीं पानें घडविण्याचा छंद धरला. पहिलें पिंपळपान ठोकतां ठोकतां देठाशीं तडकलें. पुण्याच्या तांबट आळींतील एका वृद्ध कारागिरांनीं तें निरखून म्हटलें, "मास्तर, ठोके खाऊन तांबें ताठरतें. मधून मधून तापवावें लागतें." तांबें १०८५ अंशांस वितळतें, मऊ होण्यास मात्र मंद लाली पुरे. तापवून पाण्यांत विझविल्यास पोलाद कठीण होतें, तांबें मऊच राहतें.

३६ वर्षें आम्हीं वर्गांत छडी चालविली. ऊब क्वचितच दिली. एक मुलगा मार खाऊन शाळेंतून गेला, तो पुन्हां आला नाहीं.

दुसरें पान अखंड उतरलें. तें देवघरांत आहे. तडकलेलें आम्हीं आपल्या मेजावर ठेविलें आहे.