पेठ शहापूरच्या तारेवर

नोव्हेंबर सरता सरता लोणावळ्याच्या पुढच्या घाटमाथ्यावर फार देखणा उजेड असतो. भुशी धरणावरची गर्दी केव्हाच ओसरलेली असते, सोनकी वाळून गेलेली असते आणि पठारावरचं गवत पिवळं पडून कापणीला आलेलं असतं. घुसळखांब मागे टाकून पेठ शहापूरच्या रस्त्याला लागलं की कोरीगडाची तटबंदी समोर येते. मी तिकडे खरूचीसाठी गेले होते. हिवाळ्यात ती या पठारांवर नेमाने उतरते, वाऱ्याला तोंड करून पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबते आणि खालच्या गवतातला टोळ हेरते. त्या क्षणाचा एक नेटका फोटो मला हवा होता.

विजेच्या तारेवर बसलेला पक्षी खरूचीएवढाच होता, पण त्याचे पाय पिवळे नव्हते. ते चक्क नारिंगी-लाल होते. अंग पाटीच्या रंगाचं, मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, डोळ्याभोवती केशरी कडं. अमूर ससाण्याचा नर! मी गाडी होती तिथेच रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि काही वेळ कॅमेऱ्याला हातही लावला नाही. काही पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावेत असं मला वाटतं, आणि हा त्यांतला पहिला.

वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, आकाराने पारव्याहून लहान. सैबेरियाचा आग्नेय भाग, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये हे ससाणे पिल्लं वाढवतात आणि हिवाळा काढायला थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातात. ऑक्टोबरमध्ये ते नागालँड-मणिपूरच्या डोंगरांत उतरतात, तिथल्या पंखवाल्या वाळवीवर यथेच्छ पुष्ट होतात आणि मग भारताचं द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्राकडे निघतात. सह्याद्री म्हणजे त्यांच्यासाठी जमिनीचा शेवटचा कठडा. पुढे सुमारे तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी. शिकारी पक्ष्यांमध्ये एवढा मोठा समुद्र दरवर्षी पार करणारा दुसरा पक्षी नाही. त्यामुळे तारेवर बसलेला तो जीव मला निवांत वाटलाच नाही. लांबच्या वाटेला लागण्याआधी तो पोटाची सोय बघत होता.

ती सोय हवेत होती. उन्हं तापली तसे गवतावर चतुर दिसू लागले, पिवळसर अंगाचे ग्लोब स्किमर. त्यांचीही एक अचाट गोष्ट आहे. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं की ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हे चतुर भारताकडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे समुद्रावरून जात असावेत, उंचावरच्या अनुकूल वाऱ्यावर स्वार होऊन. अमूर ससाणेही त्याच दिवसांत त्याच दिशेला जातात आणि वाटेत हेच चतुर खात असावेत, असा अंदाज आहे. शिदोरी आणि वाटसरू एकाच वाऱ्यावर! कोकणातले दर्यावर्दी ज्याला मतलई म्हणतात, तो जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा त्या सकाळी पठारावरही होता. गवत सगळं पश्चिमेकडे झुकलं होतं.

कॅमेरा काढला तो गाडीतूनच. राजम्याने भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या कडेवर ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. थांबलेल्या गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत, दार उघडून माणूस खाली उतरला की मात्र त्यांचं लक्ष खाण्यावरून उडतं. आकाश उजळ, पक्षी गडद. सगळं कॅमेऱ्यावर सोडलं असतं तर नुसती काळी आकृती आली असती, म्हणून एक्स्पोजर वाढवलं. पण नराच्या पंखांखालचं अस्तर पांढरंशुभ्र असतं आणि पश्चिमेकडच्या लालपायी ससाण्यापासून याला वेगळं ओळखायची खूण तीच. उजेड जास्त झाला तर त्या पांढऱ्यातली पिसं धुऊन निघतात. तेव्हा वाढवलेलं थोडं खाली आणलं, शटर १/२५०० वर ठेवला आणि सूर्य पाठीशी राहील अशी गाडी आधीच लागली होती याचा आनंद मानला. एवढं झाल्यावर काम एकच होतं, त्याच्या मर्जीने तो उडेपर्यंत बसून राहणं.

गवत कापायला निघालेल्या दोघी जणी गाडीपाशी थांबल्या. खांद्यावर दोर, हातात विळा.

"काय बघताय ताई? घारीचं पोर हाय का ते?"

मी सांगितलं, ससाणा आहे, मावशी. चीनच्याही पलीकडून आलाय, समुद्रावरून आफ्रिकेला जाणार आहे.

"एवढंसं पाखरू? आन् समुद्रात बसायचं कुठं त्यानं?"

बसत नाही, मी म्हटलं. दिवसरात्र उडत राहतो.

मावशींनी तारेकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "मग खाऊ द्या त्याला पोटभर," म्हणाल्या आणि दोघी तारेखालून न जाता बांधाच्या कडेने वळसा घेऊन गेल्या. इतकी वर्षं पक्ष्यांचे फोटो काढताना छायाचित्रकाराच्या आचारसंहितेवर मी पुष्कळ चर्चा ऐकल्या आहेत, पण इतक्या थोडक्यात ती कुणी सांगितली नव्हती.

थोड्या वेळाने जीपमधून चार मुलं आली, मोठमोठ्या लेन्स घेऊन. त्यांना उडतानाचा फोटो हवा होता आणि एकाने त्यासाठी खडा उचलला. मी खाली उतरले नाही, खिडकीतूनच त्याला जवळ बोलावलं आणि पुढच्या समुद्राबद्दल सांगितलं. वाऱ्यावर उडवलेला पक्षी शक्ती खर्च करतो, ती इथेच भरून काढायला लागते आणि तेवढा वेळ त्याच्याकडे असेलच असं नाही. मुलगा भला होता. खडा टाकून दिला, जीपचं इंजिन बंद झालं. ठरवून उडवलेल्या पक्ष्याचा फोटो कितीही स्वच्छ आला तरी मी तो चांगला मानत नाही. त्या फोटोत पक्षी फक्त पळत असतो.

या पक्ष्याच्या बाबतीत तर छायाचित्राचं मोल फार मोठं आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये बानो हरालू, रोकोहेबी कुओत्सू, रामकी श्रीनिवासन आणि शशांक दळवी नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी गेले होते. तिथे जाळ्यांत अडकलेल्या आणि विक्रीसाठी मोळ्या बांधून नेल्या जाणाऱ्या हजारो अमूर ससाण्यांची चित्रं त्यांनी जगापुढे ठेवली. पाहणाऱ्याला रात्री झोप लागू नये अशी ती चित्रं. पण पुढच्याच वर्षी पांग्ती आणि आसपासच्या गावांनी स्वतः शिकार थांबवली. गावकऱ्यांनी ते उत्पन्न सोडलं, याचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. त्यांची नावं नागा, पांग्ती आणि वोखा. गावाचं, जिल्ह्याचं, तिथल्या माणसांचं नाव घेऊन ते पक्षी समुद्रापार गेले.

दहाच्या सुमारास आमचा नर तारेवरून उठला. गवताच्या उताराआडून आणखी सहा पक्षी वर आले. त्यांत दोन माद्या होत्या, पांढुरक्या पोटावर गडद रेघा असलेल्या. सगळे मिळून आमच्या डोक्यावरच्या हवेत चतुर टिपू लागले. झेप घ्यायची, पायात धरायचा आणि उडता उडताच पाय चोचीशी नेऊन खायचा. कॅमेरे एकदम कडकडले. माझी जवळपास एकही फ्रेम धड नव्हती, कुठे शेपूट कापलेली, कुठे नुसतं धुरकट काहीतरी. मुलांपैकी एकाला मात्र पंख पूर्ण पसरलेला नर अप्रतिम मिळाला. त्याने तो मला स्क्रीनवर दाखवला तेव्हा आम्ही दोघंही मोठ्याने ओरडलो.

ई-बर्डवर नोंद करताना मी तारेवरचा, पाटीसारखा राखाडी, सुबक नर लावला नाही. जरा थरथरलेली, पण पंखाखालचं पांढरं अस्तर आणि पायातला चतुर दोन्ही ओळखू येणारी फ्रेम लावली. संख्या लिहिली ७. शेऱ्यात लिहिलं: पूर्वेचा वारा, सर्व पक्षी चतुर खात होते.