ताट तिरकं केलं तेव्हा

दर वर्षी प्रोजेक्टच्या नावांची यादी माझ्या टेबलावर यायची आणि तिच्यात 'कमी खर्चातलं रडार' असायचंच. मी ते नाव लाल पेनानं खोडायचो. आर्डुइनो उनो, दोन डोळ्यांसारखा दिसणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, त्याला डावी-उजवीकडं फिरवणारी छोटी सर्व्हो मोटर आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पंख्याच्या आकाराचं हिरवं चित्र. सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि पडसाद किती वेळानं आला ते मोजतो. रेडिओ लहरी कुठंच नाहीत, मग रडार कसलं? आयता कोड उतरवायचा आणि मार्क घ्यायचे, असं माझं ठाम मत होतं. सांगलीत शिकवताना कित्येक वर्षं ते मी मुलांना तोंडावर ऐकवलं.

मग एका वर्षी दोन मुली आल्या, एक सांगलीची, दुसरी वाईकडची. वाईकडची म्हणाली, "सर, आमच्याकडं मांढरदेवच्या डोंगरावर खरं रडार आहे. मग आम्ही पण रेडिओच वापरू की!" पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ढगांच्या अभ्यासासाठी तिथं रडार बसवलंय, ते ती सांगत होती. मी तिला फळ्यावर हिशेब करायला लावला. उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं. त्याच्या एका ठोक्यात रेडिओ लहर जवळजवळ १९ मीटर जाते, म्हणजे लॅबच्या भिंतीपार. आवाज तेवढ्यात केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही. खडू खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे या बोर्डाला आवाजच झेपतोय." हे मी आजवर एकाही मुलाला समजावून सांगितलं नव्हतं. नुसतं नाव खोडलं होतं.

मग त्या दोघींनी आवाजावरचंच यंत्र बांधलं. जानेवारीत सकाळी सातला त्यावर एक मीटरवरचं पुस्तक १०० सेंटिमीटरवर दिसायचं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तेच ९६ वर. मी म्हणालो, सेन्सर बदला. त्यांनी सेन्सर ठेवला आणि शेजारी थर्मामीटर टांगला. कोडमधला ०.०३४ हा आकडा साधारण १५ अंशांच्या हवेतला आवाजाचा वेग आहे, मायक्रोसेकंदाला सेंटिमीटरमध्ये. ४० अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३५५ मीटर धावतो, पडसाद लवकर परततो आणि वस्तू जवळ भासते. कोड आयता असेल, पण ही चूक त्यांनी स्वतः शोधली होती.

पण माझं मत खऱ्या अर्थानं फिरलं ते स्टीलच्या ताटामुळं. समोर धरलं की पडद्यावर ठसठशीत लाल रेघ. सांगलीच्या मुलीनं ते ४५ अंशांत तिरकं केलं आणि रेघ गेली. उलट दोन मीटरवर, जिथं मोकळी जागा होती, तिथं नवीच रेघ उमटली. अर्धा तास आम्ही तिघं तिचा माग काढत होतो. आवाज ताटावरून बाजूच्या लोखंडी कपाटावर जात होता आणि त्याच वाटेनं परत येत होता. कपाटावर रजई टाकली आणि ती रेघ विझली.

रडारला चकवणाऱ्या एफ-११७ विमानाचे पृष्ठभाग असेच तिरके ठेवले होते. हे मी वर्गात अनेकदा सांगितलंय. हातात ताट धरून कधीच दाखवलं नव्हतं.

आधी ज्यांची नावं खोडली, त्या मुलांचा विचार येतो. त्यांच्यातल्या कुणाच्या पडद्यावर अशी रेघ उमटली असेल, तर ती बघायला मी तिथं थांबलोच नाही.

यंदाच्या यादीत ते नाव पुन्हा आहे. त्याच्यापुढं मी पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय: ध्वनीवर चालणारं. जे दिसत नाही त्याची वही ठेवा.