कापडाखालचा खर्च

पायपर जे-३ कब हे अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात सुमारे २०,००० संख्येने तयार झालेले दोन आसनी हलके विमान असून पोलादी नळ्यांचा सांगाडा व त्यावर ताणून बसविलेले कापड अशी त्याची रचना इतकी साधी आहे, की वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून राहिलेले कबही थोड्या मेहनतीत उडेल असा नव्या मालकाचा समज होतो. खरा हिशेब मात्र कापड उतरविल्यावरच सुरू होतो.

जमिनीवर हे विमान शेपटीकडे कललेले उभे राहते, त्यामुळे आत शिरलेली ओल मागच्या बाजूच्या खालच्या नळ्यांत साचते आणि त्या आतून गंजत जातात. वरचा रंग शाबूत दिसतो, पण अणकुचीदार आरी दाबून टेकवली की तिचे टोक सरळ आत जाते, आणि मग तेवढा भाग कापून नवी नळी वेल्ड करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पंखांत उंदरांनी घरटी केली असल्यास त्यांच्या मूत्राने ॲल्युमिनियमच्या फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणारे भाग, जागोजागी खाल्लेले आढळतात. पंखांना आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यांची ठरावीक मुदतीने गंजतपासणी करावी किंवा आत ओल शिरणार नाही अशा बंदिस्त दांड्या बसवाव्यात, असा तर सरकारी आदेशच आहे.

६५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन हाताने सहज फिरले तरी त्यावर विसंबता येत नाही. दीर्घकाळ बंद राहिल्याने तेल ओघळून जाते आणि कॅमशाफ्टवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, गंजाचे खड्डे पडतात, हे खड्डे इंजिन खोलल्याशिवाय दिसत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित खर्च कागदपत्रांचा. लॉगबुक, म्हणजे विमानाच्या दुरुस्त्यांची नोंदवही, हरवली असेल, तर जुनी दुरुस्ती उत्तम असूनही ती कोणी, कशी केली हे सिद्ध होत नाही, आणि तपासणीचा अधिकार असलेला मेकॅनिक सही करण्यापूर्वी ती पुन्हा उघडायला लावतो, ते योग्यच आहे. दरम्यान नवे कापड बांधण्यासाठी प्रत्येक फासळीवर दोऱ्याची गाठ हाताने मारत मालक स्वतःचे श्रम फुकट धरतो, पण हँगरचे भाडे महिन्यामागून महिने चालूच राहते. म्हणून पूर्ण नोंदींसह दुरुस्त झालेले महागडे कब पुष्कळदा अंती स्वस्त पडते. त्यातच नव्या वैमानिकाला शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन प्रशिक्षकाची तशी नोंद मिळवावी लागते, आणि तोवर तयार कब हँगरमध्येच भाडे भरत उभे राहते.